शेवटून दुसरी फेरी

रविवारी सकाळी सात वाजता ठिणगीने आपलं नाव पेपरात छापलेलं पहिल्यांदा पाहिलं, आणि साडेसातला तिला ते नखाने खरवडून काढावंसं वाटलं. मधला अर्धा तास मात्र ती हवेत होती. त्या अर्ध्या तासाची तिला जेवढी लाज वाटते तेवढी दुसऱ्या कशाचीच वाटत नाही, कारण तेवढ्या वेळात तिने नाव पाच वेळा वाचलं आणि नावाखालची बातमी एकदाही वाचली नाही.

ठिणगी हे घरातलं नाव. रांगायच्या वयात तिने एका पाहुण्याचा चष्मा ओढून फेकला होता, तेव्हा आत्याने ते ठेवलं. ते इतकं चपखल बसलं की दाखल्यावरचं नाव दाखल्यावरच राहिलं. पेपरात अर्थातच ते दाखल्यावरचं आलं होतं, क्रीडापानाच्या वरच्या कोपऱ्यात, ठळक अक्षरांत. बाबा टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी करत. आयुष्यभर लोकांची नावं वाचण्यात गेलेला माणूस, पण लेकीचं नाव त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आई रुग्णालयातली पाळी संपवून नुकतीच आली होती. ती चप्पल न काढताच शेजारी सांगून आली. बाबा कोपऱ्यावरच्या दुकानातून आणखी चार अंक घेऊन आले आणि खुर्ची ओढून, घसा खाकरून, रेडिओवर बातम्या देतात त्या थाटात वाचायला लागले.

"'सुरुवातीपासून आघाडीवर असलेल्या या धावपटूचा दम अखेर निघाला. एक फेरी बाकी असतानाच तिने धाव सोडून गवतावर बसकण मारली. दहा हजार मीटरला पायांबरोबर जिगरही लागते. ती ऐन वेळी कमी पडली.' वा! जिगर! झकास लिहिलंयस गं."

"हे मी लिहिलेलं नाही," ठिणगी म्हणाली.

"तुझंच तर नाव आहे."

"बाबा, मी लिहिलं नाही म्हणते ना!" ती एवढ्या जोरात ओरडली की आईच्या हातातली बशी खाली आली. बाबांनी पेपराची घडी घातली, मग पुन्हा उघडली आणि पुन्हा घातली.

त्याचं असं झालं होतं. ठिणगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, पत्रकारिता विषय. शेवटच्या वर्षी दोन महिने एखाद्या पेपरात जाऊन प्रत्यक्ष काम करायचं, तिथल्या वरिष्ठांनी शेवटी शेरा लिहायचा आणि त्या शेऱ्याला पन्नास गुण. ठिणगीने हट्टाने क्रीडा विभाग मागून घेतला. विभाग म्हणजे झेरॉक्स मशीनच्या मागे तीन टेबलं, भिंतीवर आवाज बंद केलेला टीव्ही आणि पाठीवर टॉवेल टाकलेली एक खुर्ची. त्या खुर्चीत क्रीडासंपादक बसत. सगळे त्यांना 'सर' म्हणत आणि सर हिला 'कॉलेज' म्हणत. "ए कॉलेज, जलतरणाचे निकाल आले का बघ." पहिले पाच आठवडे एवढंच चाललं होतं. वेगवेगळ्या क्रीडा संघटना संध्याकाळी निकालाचा कागद धाडत आणि त्यासोबत तयार बातमीही धाडत. विभागाने त्यातले दोन शब्द इकडचे तिकडे करायचे, वर 'आमच्या प्रतिनिधीकडून' लिहायचं आणि पानात बसवायची. प्रतिनिधी टेबलावरून उठलेलाही नसायचा. ठिणगीला हे पहिल्याच दिवशी खटकलं होतं, पण नवी सून होऊन आल्यासारखी ती गप्प राहिली. ठिणगी गप्प राहते म्हणजे काय, ते तिच्या आत्याला विचारा.

सरांबद्दल एक मात्र सांगितलं पाहिजे. माणूस एके काळी फार चांगला वार्ताहर होता आणि शिकवताना हात आखडता घेत नसे. लांब पल्ल्याच्या शर्यतीत वहीत रकाने कसे पाडायचे, दर फेरीची वेळ कशी टिपायची, मागे पडलेल्यांना आघाडीवाला गाठतो तेव्हा घोळ कसा होतो, हे सगळं त्यांनीच तिला कागदावर काढून दाखवलं. "तिथल्या पाटीवर विसंबू नकोस. स्वतः मोज," ते म्हणाले. आणि दुसरा नियम त्यांनी तितक्याच ठासून सांगितला: आपली वही बाहेरच्या कुणालाही दाखवायची नाही, मग समोर कुणीही येवो. आपण फक्त छापून सांगायचं.

तर शनिवारी नेहमीचा वार्ताहर कावीळ होऊन पडला आणि मैदानी स्पर्धा पाहायला 'कॉलेज'ला पाठवण्यात आलं. मुलींची दहा हजार मीटर. पंचवीस फेऱ्या. पहिल्या दोघींना राष्ट्रीय शिबिरात जागा.

आघाडीवर जी मुलगी होती तिला तिच्या प्रशिक्षक बाई 'खारू' म्हणून हाका मारत होत्या. मूर्ती लहान, कान जरा बाहेर आलेले, आणि पळणं असं की पाय जमिनीला लागतात की नाही अशी शंका यावी. पहाटे चारला उठून लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायच्या, दहाला सुटायचं आणि मग सरावाला जायचं, हा तिचा दिनक्रम. हे ठिणगीला मागे प्रेक्षकांत बसलेल्या एका बाईने सांगितलं. दहाव्या फेरीलाच खारूने बाकीच्यांना मागे टाकलं होतं. विसाव्या फेरीला ती अर्ध्या फेरीने पुढे होती. ठिणगीच्या वहीत आकडे एकाखाली एक उतरत होते: अठ्ठ्याऐंशी, सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी. घड्याळ लावावं अशी पळत होती.

या स्पर्धेत एक प्रथा आहे. शेवटची फेरी सुरू होताना घंटा वाजवतात, ती पंचांनी नाही, तर प्रमुख पाहुण्यांनी वाजवायची. तेवढाच मान आणि तेवढाच फोटो. यंदाचे पाहुणे होते ठिणगीच्या पेपराचे मालक. पैसा त्यांचा होता, म्हणून प्रत्येक मुलीच्या छातीवरच्या नंबराखाली पेपराचं नाव होतं. मालक उशिरा आले आणि त्यांना लवकर जायचं होतं. ते घंटेपाशी उभे राहिले, दोरी हातात धरली आणि दर फेरीला शेजारी उभ्या असलेल्या, स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेच्या सचिवांना विचारू लागले, "आता का?" सचिवांचं लक्ष मालकांना खुर्ची कुठे ठेवायची, पाणी कुणी आणायचं, फोटोवाला कुठे उभा आहे, यात. तेविसाव्या फेरीला खारू रेषेजवळ आली तेव्हा मालकांनी पुन्हा विचारलं, "आता?" सचिव पाण्याच्या ग्लासकडे बघत म्हणाले, "हो हो, साहेब."

आणि साहेबांनी घंटा बडवली. हसून, कॅमेऱ्याकडे बघून, चांगली दहा वेळा.

उरलेल्या फेऱ्यांच्या पाटीवर दोनचा आकडा होता. पाटीवाल्याने घाबरून मालकांकडे पाहिलं, मग सचिवांकडे पाहिलं आणि पाटी एकवर फिरवली. एवढ्या मोठ्या माणसाची घंटा चुकीची कशी असेल!

खारूने घंटा ऐकली आणि ती सुटली. ती फेरी तिने बहात्तर सेकंदांत मारली. तेवीस फेऱ्यांनंतर बहात्तर! ठिणगी उभी राहिली होती, वही छातीशी धरून "अगं नाही, अगं अजून एक" असं ओरडत होती, पण त्या गलक्यात कोण ऐकतं. खारूने रेषा ओलांडली, दोन्ही हात वर केले आणि गवतावर कोसळून ओकायला लागली. पंच तिच्यापाशी पळत आले ते अभिनंदन करायला नाही, तर अजून एक फेरी आहे हे सांगायला. ते तिला समजेपर्यंत आणि समजल्यावर पायांवर उभं राहता येईपर्यंत दुसरी गेली, तिसरी गेली, चौथी, पाचवी आणि सहावीही गेली. मग ती उठली आणि भिंतीला धरून चालावं तशी चारशे मीटर पळाली. पाचवी आली, कारण तिच्यापुढे गेलेल्यांपैकी एकीचा पाय मुरगळला.

मालक तोवर गाडीत बसून निघून गेले होते.

तक्रार द्यायला अर्धा तास असतो. प्रशिक्षक बाई धापा टाकत पत्रकारांच्या बाकांपाशी आल्या. बाकांवर ठिणगी एकटीच होती. बाकीचे पेपर संध्याकाळच्या कागदाची वाट बघत आपापल्या कचेऱ्यांत बसले होते.

"बाळ, तू फेऱ्या लिहीत होतीस ना? मी बघितलंय तुला," बाई म्हणाल्या. "वही दे जरा. पंचांना दाखवते. ते म्हणतात, घंटा बरोबर होती, पोरगीच चुकली. माझ्याकडे कागद नाही."

आणि ठिणगीने, आयुष्यात कुणाचं न ऐकणाऱ्या ठिणगीने, त्या एका क्षणी सरांचं ऐकलं. "मॅडम, वही दाखवता येत नाही आम्हाला. पण तुम्ही काळजी करू नका. उद्या पेपरात सगळं येईल. फेऱ्यांच्या वेळांसकट."

"नक्की?"

"अगदी नक्की."

बाई निघून गेल्या. तक्रार त्यांनी दिली, पण पुराव्याविना. पंचांनी ती तिथल्या तिथे फेटाळली आणि बुधवारी संघटनेच्या बैठकीत अपील करा म्हणून सांगितलं. ठिणगीने कचेरीत जाऊन तीनशे वीस शब्द लिहिले, घंटेची चूक दुसऱ्याच वाक्यात घातली, चोवीस आणि पंचवीसचा हिशेब मांडला आणि सहा वाजता सरांच्या टेबलावर मजकूर ठेवून घरी आली. रविवारी सकाळी त्यातला एक स्वल्पविरामही छापलेला नव्हता. नाव तेवढं तिचं होतं.

क्रीडा विभागाला रविवारची सुट्टी नसते. ठिणगी दुपारी बाराला कचेरीत पोचली तेव्हा सर डबा उघडत होते.

"या, बाईसाहेब. पेढे कुठेत?"

"सर, हे कुणी लिहिलं?"

"बस आधी."

"बसायला नाही आले मी. हे कुणी लिहिलं?"

सरांनी डब्याचं झाकण परत लावलं. "सचिवांकडून मजकूर आला होता. पान जायची वेळ झाली होती. तुझा काढला, तो बसवला."

"माझ्यात काय खोटं होतं?"

"काहीच नाही. खोटं असतं तर दुरुस्त करून छापलं असतं." सर हे अगदी सरळपणे बोलले, आणि त्याने तर ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मालकांना घंटा वाजवता येत नाही, हे मी मालकांच्याच पेपरात छापू? माझी दोन वर्षं राहिलीत इथे."

"मग नुसता निकाल छापायचा होता! पाचवी आली, संपलं. जिगर कमी पडली, हे कशाला? ती मुलगी ओकत होती सर, मी बघितलंय. ओकून उठली आणि पळाली. आणि माझ्या नावाने तुम्ही लिहिता, बसकण मारली?"

"अगं, तुझं नाव यावं, तुला कॉलेजात दाखवता यावं म्हणून..."

"खोटं बोलू नका!" टेबलावर हात आपटला गेला तो तिला नंतर कळला. "सात वर्षं इथे काम करणाऱ्या माणसाचं नाव महिन्यातून एकदा येतं. माझं सहाव्या आठवड्यात आलं? उद्या कुणी विचारलंच तर म्हणायचं, शिकाऊ पोरगी होती, मोजता आलं नाही. म्हणून टाकलंत ना नाव?"

सरांनी चष्मा काढला आणि टॉवेलाच्या कोपऱ्याने पुसत बसले. ते नाही म्हणाले असते, उलट ओरडले असते, तर ठिणगीला जरा बरं वाटलं असतं. त्या पुसण्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

तिथून ती जिन्याखालच्या खोलीत फोटोवाल्या काकांकडे गेली. काकांनी तिला न विचारताच संगणकावर शनिवारचे फोटो उघडले. पेपरात छापलेल्या फोटोत मालक होते, घंटा होती आणि बत्तीशी होती. अख्ख्या फोटोत मालकांच्या डाव्या कानामागे पाटी होती, आणि पाटीवर ढळढळीत दोन.

"कानापर्यंत कापायला सांगितला मला," काका म्हणाले. "मी म्हटलं, कान ठेवू की नको? तर म्हणाले, कान राहू दे."

ते हसले, पण ठिणगीला हसू आलं नाही. काकांनी फोटोची मोठी प्रत काढून तिच्या पिशवीत सरकवली. "मी दिला नाही. तुला सापडला."

सोमवारी ती एका सायंदैनिकाच्या कचेरीत गेली. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या, जिना असा की वर चढणाऱ्याने खाली उतरणाऱ्याची वाट बघावी. संपादिका पन्नाशीची, आवाजाने भांडी पडतील अशी. तिने फोटो बघितला, वही बघितली (हो, आता ठिणगीने वही दाखवली, मिनिटभरही विचार न करता), आणि खुर्चीतून उठून उभी राहिली.

"मालक, सचिव, पाटी, सगळं आहे. आणि सगळ्यात भारी कोण माहितीये? तू. जिच्या नावाने खोटं छापलं, तीच उठून खरं सांगते. गुरुवारी पहिलं पान. बुधवारी बैठकीत काय होतं ते बघून पाच वाजता मला फोन कर, शेवटची ओळ घालू आणि सोडू. तोवर फोटो तुझ्याकडेच ठेव, इथे भिंतींनाही कान आहेत."

ठिणगीने तिच्यापुढे मन मोकळं केलं. सरांना ती लाचार म्हणाली, विकला गेलेला म्हणाली, आणि आणखीही बरंच म्हणाली. संपादिकेने तिला थांबवलं नाही, उलट चहा मागवला. घरी येताना ठिणगीच्या मनात सूड होता, न्याय होता आणि थोडंसं, अगदी थोडंसं, पहिल्या पानावरचं आपलं नावही होतं. खोटं कशाला सांगा!

बुधवारी दुपारी ती संघटनेच्या कचेरीबाहेर बाकावर बसली. कचेरी स्टेडियमच्या पायऱ्यांखाली होती, त्यामुळे छत तिरकं होतं आणि भिंतीकडचं कपाट पुढून कापून तिथे घुसवलेलं होतं. आत बैठक चालली होती. बाहेरच्यांना आत प्रवेश नव्हता. पावणेपाचला दार उघडलं आणि प्रशिक्षक बाई बाहेर आल्या, मागोमाग खारू.

जवळून ती आणखीच लहान दिसत होती. हाताची बोटं लाँड्रीतल्या वाफेने लालसर झालेली.

"काय झालं?" ठिणगी उठली.

"घेतलं," बाई म्हणाल्या. "राखीव म्हणून. तिसरी जागा काढली हिच्यासाठी. सोमवारी शिबिराला जायचंय."

"राखीव? ही पहिली होती!"

"माहितीये मला," खारू म्हणाली. "मीच पळत होते."

"आणि तुम्ही हो म्हणालात? मॅडम, असे कसे हो म्हणालात तुम्ही?"

"नुसतं हो नाही," बाईंचा आवाज कोरडा झाला. "लिहून दिलंय. माझी मोजण्यात चूक झाली, घंटेबद्दल माझी काही तक्रार नाही. हिने सही केली, मी साक्षीदार."

ठिणगीचं डोकं सणकलं. तिने पिशवीतून फोटो काढून खारूच्या पुढ्यात धरला. "हे बघ! हा दोन बघ! कशाला सही केलीस? उद्या हे छापून येतंय. पहिल्या पानावर. मालक, सचिव, सगळे उघडे पडणार आहेत. तू चुकली नव्हतीस हे सगळ्यांना कळेल."

खारूने फोटो हातात घेतला. बराच वेळ बघितला. पाटीवर अंगठा ठेवला, काढला.

"हा शनिवारी होता तुझ्याकडे?"

"फोटो नव्हता."

"वही होती," बाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या.

ठिणगीला कुणी थोबाडीत मारली असती तर चाललं असतं. "मला नियम सांगितला होता..." ती म्हणाली, आणि स्वतःच्याच तोंडून ते वाक्य ऐकून तिला शिसारी आली. "मी चुकले. मान्य आहे. म्हणूनच आता छापते."

"नको छापू," खारू म्हणाली.

"काय?"

"नको छापू. छापलंस तर ते मला काढतील. सही माझी आहे, म्हणतील खोटारडी आहे, इथे एक लिहून देते आणि पेपरात दुसरं सांगते. मग शिबिर गेलं."

"पण हे खोटं आहे! तू आयुष्यभर हे खोटं..."

"ओरडू नकोस माझ्यावर!" खारू एवढ्याशा अंगातून एवढ्या जोरात कडाडली की आतून कुणीतरी दार लोटून घेतलं. "तुला राग आलाय? कधीपासून, रविवारपासून? शनिवारी मी तंबूत आडवी पडले होते, नाकात वास कसला येत होता माहितीये? स्वतःच्या ओकारीचा. मॅडम आल्या आणि म्हणाल्या, ती पेपरवाली मुलगी म्हणते, उद्या सगळं येईल. मी त्या भरवशावर झोपले रात्रभर. सकाळी लाँड्रीतल्या बाईने तोच पेपर माझ्यापुढे टाकला. म्हणाली, बसकण मारलीस होय गं? तिथे आता मला त्याच नावाने हाक मारतात. आणि तू परत तेच म्हणतेस. पेपरात येईल, पेपरात येईल."

ठिणगीने पिशवीचा बंद हाताभोवती गुंडाळला.

"शिबिरात दोन महिने पोटभर जेवायला मिळतं," खारू आता हळू बोलत होती, पण राग गेला नव्हता. "पहाटे चादरींच्या घड्या घालायच्या नाहीत. आणि शेवटी परत शर्यत असते. त्या दोघींना मी कितीने मागे टाकलं होतं, तुझ्या वहीत आहे ना? मग. राखीव तर राखीव. मला तिथपर्यंत जाऊ दे. मला खरं-खोटं नंतर बघता येईल. तुला छापायचंय, मला पळायचंय."

"मी तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी करायचं ते शनिवारी होतं."

तिने फोटोची चार वेळा घडी घातली, चादरीची घालतात तशी कडेला कड जुळवून, आणि स्वतःच्या खिशात टाकली. परत दिला नाही. बाईंनी ठिणगीच्या खांद्यावर हात ठेवला, तो दिलाशाचा होता की बाजूला सरकवण्याचा, ते तिला कळलं नाही. दोघी पायऱ्यांखालून उजेडात गेल्या.

ठिणगी बाकावर बसली. तिला सचिवांवर ओरडायचं होतं, दार दोन हातांवर होतं. मालकांवर ओरडायचं होतं. खारूच्या मागे पळत जाऊन तिलाही सांगायचं होतं की तू चुकतेयस, असंच करून हे लोक सोकावतात. आणि हे सगळं बरोबर असूनही त्यातलं एक अक्षर बोलायचा हक्क आपण शनिवारी दुपारी अर्ध्या तासात घालवून बसलो, हे तिला इतकं लख्ख समजत होतं की दातओठ खाण्यापलीकडे तिला काही करता येईना.

पाच वाजता मोबाइल वाजला. संपादिकेला धीर नव्हता, तिनेच फोन केला होता.

"काय झालं बैठकीत? पटकन बोल, पान अडवून ठेवलंय. आणि फोटो घेऊन लगेच इकडे ये."

"बातमी नाही देता येणार," ठिणगी म्हणाली.

"काय?"

"नाही देता येणार. फोटो पण नाही. माझी वही वापरायची नाही."

"अगं, का?"

कारण सांगता येत नव्हतं. त्या मुलीनेच नको म्हटलं हे सांगितलं असतं, तर संपादिकेने तेही छापलं असतं, आणि मोठ्या टायपात छापलं असतं. पेपराची माणसं कशी असतात, हे एवढं मात्र ठिणगी सहा आठवड्यांत नीट शिकली होती.

"नाही देता येत," ती पुन्हा म्हणाली.

"कुणाचा फोन आला तुला? मालकांचा?"

"नाही."

"मग गुणांची भीती घातली त्या तुझ्या सराने? शेरा खराब लिहीन म्हणाला? की चांगला लिहीन म्हणाला?" पलीकडचा आवाज चढत गेला. "परवा माझ्यासमोर बसून माझा चहा पीत त्याला काय काय म्हणालीस, आठवतंय ना? लाचार म्हणालीस. विकला गेला म्हणालीस. मला वाटलं, चला, एक तरी पोरगी ताठ कण्याची निघाली! आणि दोन दिवसांत? बोल की आता. एका मुलीचं वाटोळं झालं आणि तुला तोंड उघडता येत नाही? तुलाही गप्प केलं ना त्यांनी?"

उलट बोलायला दहा वाक्यं ठिणगीच्या जिभेवर आली, एकापेक्षा एक जहाल, आणि प्रत्येक वाक्य खारूला शिबिरातून बाहेर काढणारं होतं. तिने ती सगळी गिळली.

"हो," ती म्हणाली. "केलं."